लिनक्सवर प्रायव्हसी ब्राउझर चालेना म्हणून यूट्यूबवरची कमांड मारताय? आधी घड्याळ बघा

१४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टनं विंडोज १० चा हात सोडला. कॉम्प्युटर बंद पडले नाहीत, पण त्यांना मिळणाऱ्या नेहमीच्या सुरक्षा अपडेट थांबल्या. विंडोज ११ टाकायचं म्हटलं तर मशीनमध्ये टीपीएम २.० नावाची सुरक्षा व्यवस्था लागते आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर साधारण आठव्या पिढीचा किंवा त्यानंतरचा. ही आठवी पिढी बाजारात आली २०१७ मध्ये. आता वाशिम, रिसोड, कारंजा, मंगरुळपीरच्या बाजारपेठेत झेरॉक्सच्या दुकानात, अभ्यासिकेत आणि घराच्या कोपऱ्यात जे कॉम्प्युटर आहेत, त्यातले बरेच त्याच्या आधीचे. सीपीयूच्या पंख्यावरची धूळ बघितली तरी वय कळतं.

मग कुणीतरी पेन ड्राइव्ह घेऊन येतं आणि लिनक्स टाकून देतं. बहुतेक वेळा मिंट किंवा उबुंटू. फुकट आहे, हलकं आहे, मशीन पुन्हा पळायला लागतं. इथपर्यंत सगळे खूश.

त्यानंतरची पायरी म्हणजे प्रायव्हसी जपणारा ब्राउझर. ब्रेव्ह, लिब्रेवुल्फ, टॉर, नाहीतर झोहोचं उला. ही हौस नाही. वाशिम हा २०१८ पासून नीती आयोगाच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत आहे, महाराष्ट्रातले असे जिल्हे चारच. इथं एका कॉम्प्युटरवर एकाच माणसाचं काम होत नाही. सकाळी एखाद्याचा सातबारा निघतो, दुपारी शिष्यवृत्तीचा फॉर्म भरला जातो, संध्याकाळी दुसऱ्याच कुणाची पीएम किसानची केवायसी. पीएम किसानचा १८ वा हप्ता तर पंतप्रधानांनी ५ ऑक्टोबर २०२४ ला वाशिममधूनच सोडला होता. एवढ्या लोकांचे आधार क्रमांक, बँक खाती आणि ओटीपी ज्या खिडकीतून जातात, ती खिडकी जरा बरी असावी असं वाटणं साहजिक आहे.

पण ब्राउझर डाऊनलोड होतो आणि उघडतच नाही. “भाऊ, हे तं सुरूच होऊन नाही राहिलं.”

इथून पुढं जे होतं ते महत्त्वाचं आहे. स्क्रीनवर आलेली एरर यूट्यूबवर किंवा टेलिग्रामवर शोधली जाते. कुणीतरी टर्मिनलमध्ये टाकायला एक ओळ दिलेली असते. ती कॉपी होते, पेस्ट होते, पासवर्ड दिला जातो. कधी चालतं, कधी नाही. पण त्या ओळीनं मशीनमध्ये नेमकं काय केलं, हे बघायला कुणी थांबत नाही.

जुलै २०२५ मध्ये काय झालं होतं?

लिनक्सची एक आवृत्ती आहे, आर्च लिनक्स. वाशिमच्या दुकानात ती सहसा दिसणार नाही, हौशी लोकांची आहे. तिच्यासाठी एयूआर नावाचं एक भांडार चालतं. तिथं कुणीही खातं उघडून सॉफ्टवेअर बसवण्याची कृती टाकू शकतं आणि बाकीचे ती वापरतात. गावच्या पाटीवर कुणीही कागद चिकटवावा तसा प्रकार.

१६ जुलै २०२५ ला या भांडारात एकाच खात्यावरून तीन पॅकेज आली. नावं बघा. एकाचं नाव होतं लिब्रेवुल्फ फिक्स, दुसऱ्याचं फायरफॉक्स पॅच आणि तिसऱ्याचं झेन ब्राउझर पॅच्ड. तिन्ही नावं अशी की ब्राउझर नीट चालत नसलेला माणूस तीच शोधेल. ती बसवली की गिटहबवरून एक स्क्रिप्ट मागच्या दारानं खाली यायची आणि केऑस रॅट नावाचा प्रोग्राम मशीनमध्ये घर करायचा. रॅट म्हणजे दूर बसून समोरचं मशीन चालवण्याचं हत्यार. फाइल उचलता येतात, फाइल टाकता येतात, हव्या त्या कमांड चालवता येतात. १८ जुलैला आर्चच्या टीमनं ही पॅकेज काढून टाकली आणि ज्यांनी बसवली त्यांनी मशीन तपासून घ्यावं असं सांगितलं.

दोन दिवसांत प्रकरण मिटलं म्हणून ते लहान ठरत नाही. सापळा लावणाऱ्यानं गिऱ्हाईक नेमकं हेरलं होतं. ज्याला प्रायव्हसीची काळजी आहे, ज्याच्याकडं लिनक्स आहे आणि ज्याचा ब्राउझर अडला आहे, तो माणूस वैतागलेला असतो. आणि वैतागलेला माणूस पासवर्ड पटकन देतो.

असलं हे पहिल्यांदा झालं असंही नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये कॅस्परस्की कंपनीनं ओनियनपॉयझन नावाचं प्रकरण उघड केलं. चिनी भाषेतल्या एका यूट्यूब चॅनेलवर टॉर ब्राउझरची माहिती देणारा व्हिडिओ होता, चॅनेलचे सबस्क्रायबर १ लाख ८० हजारांच्या वर. व्हिडिओखालच्या लिंकवर मिळणारा टॉर मात्र बनावट. खरा टॉर ब्राउझिंगचा इतिहास ठेवत नाही, हा ठेवायचा. फॉर्ममध्ये भरलेली माहितीही जपून ठेवायचा. तो विंडोजसाठी होता, एवढाच फरक. आणि फेब्रुवारी २०१६ मध्ये तर खुद्द लिनक्स मिंटची वेबसाइट हॅक झाली होती. २० फेब्रुवारीला ज्यांनी तिथून मिंट १७.३ ची सिनॅमन आवृत्ती उतरवली, त्यांच्यापैकी काहींच्या हाती मागचं दार उघडं असलेली फाइल पडली.

म्हणजे ब्राउझर कोणता, यापेक्षा तो कुठून आला आणि अडल्यावर तुम्ही काय केलं, यावर प्रायव्हसी जास्त अवलंबून आहे.

मग अडतं नेमकं कुठं?

बऱ्याचदा ब्राउझरमध्ये काही दोष नसतोच. जुन्या मशीनवर सगळ्यात आधी बघायची गोष्ट आहे उजव्या कोपऱ्यातलं घड्याळ.

मदरबोर्डवर नाण्याएवढी एक बॅटरी असते, सीआर २०३२ नावाची. कॉम्प्युटर बंद असताना घड्याळ चालू ठेवायचं काम तिचं. आठ-दहा वर्षांत ती मरते. ज्या घरात, ज्या दुकानात लाइट दिवसातून चार वेळा जाते आणि यूपीएसनं कधीच मान टाकलेली असते, तिथं दर वेळी कॉम्प्युटर पुन्हा सुरू झाला की तो कधी कधी २००९ सालात जागा होतो.

आता त्या कॉम्प्युटरच्या नजरेतून बघा. तो वेबसाइटकडं जातो. वेबसाइट आपलं प्रमाणपत्र दाखवते, त्यावर लिहिलेलं असतं की हे अमुक तारखेपासून वैध. कॉम्प्युटर म्हणतो, ही तारीख तर अजून यायची आहे, हे प्रमाणपत्र खोटं. झालं, वेबसाइट बंद. लिनक्सचं पॅकेज भांडारही तारखेसह सही केलेलं असतं, त्यामुळं अपडेट करायला गेलं की ‘ही फाइल अजून वैध नाही’ असा संदेश येतो. टॉरचं तर आणखी कडक. टॉरच्या जाळ्यात कोणते सर्व्हर चालू आहेत, याची यादी दर तासाला नव्यानं निघते आणि तिला मुदत असते. घड्याळ चुकलेलं असलं की टॉरच्या दृष्टीनं ती यादीच निरुपयोगी, मग जोडणीची पट्टी अर्ध्यात अडकून बसते.

लोक काय करतात? ब्राउझर काढून पुन्हा टाकतात. तीन वेळा टाकतात. शेवटी ‘प्रमाणपत्राची तपासणी बंद करा’ असा कुणाचा तरी सल्ला मिळतो आणि तो ऐकतात. ज्या तपासणीमुळं बनावट बँकेची वेबसाइट पकडली जाते, तीच बंद. खरा इलाज म्हणजे सेटिंगमध्ये जाऊन ‘तारीख आणि वेळ नेटवरून आपोआप’ हा पर्याय चालू करायचा आणि बॅटरी बदलायची. ही बॅटरी घड्याळाच्या दुकानातही मिळते आणि फार महाग नसते.

घड्याळाची दुसरी गंमत जास्त फसवी आहे. एकाच मशीनवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही ठेवले, की वेळ बरोबर साडेपाच तासांनी चुकते. कमी नाही, जास्त नाही. कारण विंडोज मदरबोर्डवरच्या घड्याळात भारतीय वेळ लिहितं, तर लिनक्स तीच वेळ जागतिक प्रमाणवेळ समजून वाचतं आणि तिच्यात साडेपाच तास मिळवतं. सकाळचे दहा वाजले असताना लिनक्स साडेतीन दाखवतं. तारीख बरोबर, मिनिटं अर्धा तास इकडंतिकडं, त्यामुळं नजरेत पटकन येत नाही. नेट मिळालं की लिनक्स बहुतेक वेळा हे स्वतःच सुधारतं, पण ती सोय बंद असेल तर टॉर का जोडत नाही हे शोधण्यात अख्खी दुपार जाते.

३२ की ६४?

दुसरं कारण जुन्या मशीनला हमखास चिकटलेलं. ज्याच्याकडं २ जीबी रॅम आहे त्याला दहा वर्षांपूर्वी सगळे सांगायचे की ३२ बिटचं लिनक्स टाक, हलकं पडेल. सल्ला तेव्हा चूक नव्हता. आता ते दार बंद होत आलं आहे.

गुगल क्रोमनं लिनक्सच्या ३२ बिट आवृत्तीला २०१६ मध्येच रजा दिली. ब्रेव्ह लिनक्सवर ६४ बिटशिवाय चालत नाही. फायरफॉक्स बराच काळ टिकून होतं, पण मोझिलानं २०२५ मध्ये जाहीर केलं की १४४ ही ३२ बिट लिनक्ससाठी शेवटची नेहमीची आवृत्ती. ज्यांना लगेच हलता येत नाही त्यांच्यासाठी दीर्घ मुदतीची १४० ही आवृत्ती आहे, तिला किमान सप्टेंबर २०२६ पर्यंत सुरक्षा अपडेट मिळतील असं सांगितलं गेलं. टॉर ब्राउझर फायरफॉक्सच्याच पायावर उभा असल्यानं त्याचंही तेच. ऑक्टोबर २०२५ मध्ये आलेली १५ ही मालिका ३२ बिट लिनक्ससाठी शेवटची.

गोची अशी की स्क्रीनवर हे कारण कधीच सरळ लिहून येत नाही. येतं काय, तर ‘फाइल चालवता येत नाही, फॉरमॅटची चूक’. मग माणूस फाइलला परवानग्या देत बसतो, फोल्डर बदलतो, वैतागतो.

टर्मिनलमध्ये ‘यूनेम’ लिहून जागा सोडायची आणि ‘डॅश एम’ टाकायचं. उत्तराच्या शेवटी ६४ दिसलं तर प्रश्न दुसरीकडं आहे. आय ६८६ असं काही दिसलं तर ३२ बिटचं लिनक्स बसलेलं आहे. पण एवढ्यावर मशीन भंगारात काढू नका. ‘एलएससीपीयू’ ही दुसरी कमांड प्रोसेसरला काय झेपतं ते सांगते आणि २००८ नंतरच्या बहुतेक डेस्कटॉप प्रोसेसरना ६४ बिट झेपतं. मशीन ६४ बिटचं आणि त्यावर सिस्टिम ३२ बिटची, असा प्रकार खूप ठिकाणी निघतो. तिथं सिस्टिमच नव्यानं टाकावी लागते, ब्राउझरशी झटापट करून काही होत नाही. २ जीबी रॅम असेल तर आणखी २ जीबीची जुनी पट्टी मिळते का बघावं, कारण आजचा ब्राउझर दोन-तीन सरकारी पोर्टल एकदम उघडल्यावर तेवढ्यात मावत नाही.

जुन्या व्हिडिओचा त्रास

तिसरं कारण मशीनचं नाही, शिकवणाऱ्याचं आहे. लिनक्समध्ये बाहेरचं भांडार जोडायचं तर त्या भांडाराची किल्ली आधी द्यावी लागते. सॉफ्टवेअर खरंच त्याच कंपनीकडून आलं आहे, हे ती किल्ली तपासते. पूर्वी हे काम ‘ॲप्ट की’ या कमांडनं व्हायचं. पण त्या पद्धतीत एक मोठं भोक होतं. ब्रेव्हसाठी दिलेली किल्ली फक्त ब्रेव्हच्या कुलपाला न लागता सगळ्या कुलपांना लागायची. म्हणजे एका भांडाराच्या किल्लीनं सही केलेलं दुसरं कुठलंही पॅकेज मशीन गुमान स्वीकारणार. म्हणून ही कमांड मोडीत काढली. डेबियनमध्ये ती १२ व्या आवृत्तीपर्यंत होती, ऑगस्ट २०२५ ला आलेल्या १३ मध्ये नाही. उबुंटूत २४.०४ पर्यंत.

यूट्यूबवरचे २०१९-२० चे व्हिडिओ मात्र अजून तिथंच आहेत आणि लाखो व्ह्यूजमुळं वर दिसतात. त्यातली ओळ टाकली की ‘कमांड सापडली नाही’ किंवा ‘सार्वजनिक किल्ली उपलब्ध नाही’. मग त्याच व्हिडिओखालच्या कमेंटमध्ये कुणी सांगतं, तपासणी टाळून बसवा, असा असा शब्द जोडा. तो शब्द जोडून बसवलेलं सॉफ्टवेअर कुणाचं आहे याची खात्री मशीनला नसते, तुम्हालाही नसते.

मिंटवाल्यांना आणखी एक खास त्रास. मिंट २२ उबुंटू २४.०४ वर उभं आहे, पण दोघांची टोपणनावं वेगळी. उबुंटू स्वतःला नोबल म्हणतं, मिंट विल्मा. जुनी स्क्रिप्ट सिस्टिमला नाव विचारते, मिंट ‘विल्मा’ सांगतं, कंपनीच्या भांडारात विल्मा नावाचं काही नसतं आणि ४०४ येतं. शाळेत हजेरीला घरचं नाव सांगावं तसं. अशा वेळी कंपनीच्या आजच्या अधिकृत पानावरची पद्धत वापरली की बहुतेक वेळा सुटतं. मिंटच्या सॉफ्टवेअर मॅनेजरमध्ये फ्लॅटपॅकच्या रूपात यातले बरेच ब्राउझर मिळतात, तोही मार्ग आहे. उबुंटूचं स्नॅप मिंटनं २०२० पासून दारातच अडवलं आहे, त्यामुळं उबुंटूच्या व्हिडिओतली स्नॅपची ओळ मिंटवर चालत नाही.

ब्राउझर उघडतो आणि टॅब मरतात

एप्रिल २०२४ मध्ये उबुंटू २४.०४ आलं आणि एक नवीनच तक्रार सुरू झाली. वेबसाइटवरून उतरवलेला टॉर किंवा ॲपइमेजच्या रूपातला ब्राउझर सुरू होतो, पण टॅब लगेच कोसळतात, किंवा ‘सँडबॉक्स’ असा शब्द असलेली एरर देऊन सगळं बंद होतं.

सँडबॉक्स म्हणजे ब्राउझर प्रत्येक वेबसाइटला वेगळ्या खोलीत कोंडतो. एखादी साइट बदमाश निघाली तरी तिला बाकीच्या घरात फिरता येत नाही. ही खोली बांधायला ब्राउझर लिनक्सची एक खास सोय वापरतो. त्याच सोयीचा गैरफायदा घेऊन हल्ले व्हायला लागले, म्हणून उबुंटूनं ठरवलं की ओळखीच्या प्रोग्रामनाच ती द्यायची. ओळखीच्यांची यादी ॲपआर्मर नावाच्या पहारेकऱ्याकडं असते. नेहमीच्या जागी पॅकेज म्हणून बसवलेले मोठे ब्राउझर त्या यादीत आहेत. तुमच्या डाऊनलोड फोल्डरमध्ये पसरलेला ब्राउझर नाही.

म्हणजे दोन चांगल्या सुरक्षा व्यवस्था एकमेकींच्या पायात आल्या. इथं दोन्ही बाजूंचा हेतू शुद्ध आहे आणि त्रास मात्र तिसऱ्यालाच.

यावरचे नेटवर फिरणारे तोडगे एकाहून एक वाईट. ब्राउझर ‘नो सँडबॉक्स’ लावून सुरू करा, म्हणजे भिंतीच पाडा. ‘सुडो’ लावून सुरू करा, म्हणजे प्रत्येक वेबसाइटला घराच्या मालकाचे अधिकार द्या. टॉर तर सुडोनं सुरू होतच नाही, रूट म्हणून चालवू नये असं सांगून बंद होतो. आणि तिसरा तोडगा म्हणजे पहाऱ्याचा तो नियमच अख्ख्या मशीनसाठी बंद करणं. नीट मार्ग असा की ब्राउझर अधिकृत पॅकेजमधून घ्यायचा, किंवा फक्त त्या एका ब्राउझरला परवानगी देणारं ॲपआर्मरचं छोटं प्रोफाइल लिहायचं. दुसऱ्या मार्गाला जाणकार माणूस लागतो हे खरं.

उला आणि देशी ब्राउझरचं काय?

२०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये झोहोच्या अरट्टई ॲपची हवा झाली, तेव्हा उलाचं नावही सोशल मीडियावर फिरलं. प्रायव्हसी हा उलाचा सुरुवातीपासूनचा दावा, मे २०२३ मध्ये तो आला आणि लिनक्ससाठीही मिळतो. ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्र सरकारनं देशी ब्राउझर बनवण्याची स्पर्धा जाहीर केली होती. २० मार्च २०२५ ला निकाल लागला आणि १ कोटीचं पहिलं बक्षीस झोहोला मिळालं.

स्पर्धेमागं एक जुनं दुखणं आहे. ब्राउझर कुणाच्या प्रमाणपत्रावर विश्वास ठेवतो, याची यादी ब्राउझर आणि सिस्टिम बनवणाऱ्या परदेशी कंपन्यांच्या हातात. भारताची स्वतःची प्रमाणपत्र व्यवस्था आहे, तिच्या शेंड्यावर सीसीए ही सरकारी संस्था बसते. जुलै २०१४ मध्ये गुगलला आढळलं की याच व्यवस्थेतल्या एनआयसीच्या प्रमाणपत्र केंद्रातून गुगल आणि याहूच्या नावाची प्रमाणपत्रं परवानगीशिवाय दिली गेली आहेत. तेव्हा सीसीएचं मूळ प्रमाणपत्र मायक्रोसॉफ्टच्या यादीत होतं, मोझिलाच्या नाही. त्यामुळं विंडोजवरच्या क्रोमला धोका होता, फायरफॉक्सला नव्हता. त्यानंतर गुगलनं सीसीएवरचा विश्वास मोजक्या भारतीय पत्त्यांपुरता मर्यादित केला.

आता देशी ब्राउझरमध्ये सीसीएचं मूळ प्रमाणपत्र असावं, ही स्पर्धेची मुख्य अट होती. सरकारची बाजू समजण्यासारखी आहे. उद्या एखाद्या परदेशी कंपनीनं विश्वास काढून घेतला तर बँका आणि सरकारी पोर्टल अडायला नकोत. पण प्रायव्हसीच्या अंगानं बघणाऱ्याला २०१४ आठवणारच. शिवाय उलाही क्रोमियमवरच बांधलेला आहे, म्हणजे इंजिन गुगलच्याच कारखान्यातलं. ‘देशी आहे म्हणून सुरक्षित’ आणि ‘परदेशी आहे म्हणून धोकादायक’ ही दोन्ही वाक्यं व्हॉट्सॲपवर सारख्याच वेगानं फिरतात, त्यातल्या एकालाही या तपशिलाचं देणंघेणं नसतं.

सगळं नीट बसलं, तरीही पोर्टल उघडत नाही

हे तर होणारच. टॉरमधून गेलं की समोरच्या वेबसाइटला तुम्ही जर्मनी नाहीतर नेदरलँड्समधून आलेले दिसू शकता आणि भारताबाहेरून येणारी विनंती अडवणारी सरकारी संकेतस्थळं बरीच आहेत. हा इन्स्टॉलेशनचा बिघाड नाही. लिब्रेवुल्फ बंद केला की कुकीज पुसतो, म्हणून दर वेळी लॉगिन नव्यानं करावं लागतं. तो तुमची ओळख लपवायला वेबसाइटला खरी वेळ सांगत नाही, साडेपाच तास मागची सांगतो, त्यामुळं अपॉइंटमेंटची वेळ चुकीची दिसली तर घाबरायचं कारण नाही. फ्लॅटपॅक किंवा स्नॅपमधला ब्राउझर कोंडलेला असल्यानं डिजिटल सहीचा यूएसबी टोकन त्याला दिसण्यात अडचण येते. ज्या केंद्रात रोज सह्या करायच्या आहेत तिथं पॅकेजमधून बसवलेला साधा फायरफॉक्स जास्त कामाचा.

सायबर कॅफेवाल्यांपुढं तर वेगळाच पेच आहे. ११ एप्रिल २०११ च्या केंद्रीय नियमांनुसार कॅफेचालकानं गिऱ्हाइकाची ओळख नोंदवायची आणि कोणत्या वेबसाइट उघडल्या याची नोंद किमान एक वर्ष जपायची. दुसऱ्या बाजूला वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले आणि त्यातल्या मुख्य जबाबदाऱ्या १८ महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये लागू होणार. एक नियम म्हणतो नोंद ठेव, दुसरा म्हणतो लोकांची माहिती गरजेपेक्षा जास्त ठेवू नको. टॉर वापरण्यावर भारतात थेट बंदी नाही. पण कॅफेच्या मशीनवर इतिहास न ठेवणारा ब्राउझर बसवला, तर नोंदीची जबाबदारी चालकाच्याच डोक्यावर राहते. घरच्या किंवा अभ्यासिकेतल्या खासगी मशीनचं तसं नाही.

आणि काही गोष्टी ब्राउझरच्या आवाक्यातच नाहीत. पीएम किसानच्या नावानं व्हॉट्सॲपवर आलेली एपीके फाइल मोबाइलमध्ये टाकली, तर कॉम्प्युटरवरचा टॉर काही करू शकत नाही. नेटबंदी असली तरी तेच. मे २०२३ मध्ये शेजारच्या अकोल्यात दंगलीनंतर इंटरनेट बंद केलं गेलं, तेव्हा ते सगळ्याच ब्राउझरसाठी बंद होतं.

जुन्या मशीनवाल्यांसाठी दोन तारखा मात्र ठरलेल्या आहेत. ३२ बिट लिनक्सवरच्या फायरफॉक्सला दिलेली सप्टेंबर २०२६ ची मुदत आणि विंडोज १० च्या वाढीव सुरक्षा अपडेटची १३ ऑक्टोबर २०२६. ही वाढीव सोय घरगुती वापरकर्त्याला पैसे न देताही मिळते, पण त्यासाठी मायक्रोसॉफ्टच्या खात्यावर लॉगिन करून सेटिंगची प्रत त्यांच्याकडं ठेवावी लागते. नाहीतर रिवॉर्ड्सचे १,००० पॉइंट लागतात. खातं उघडायचं नाही आणि पैसेही भरायचे नाहीत, म्हणून लिनक्सकडं वळणारे त्यामुळंच वाढतायत. त्यांनी पेन ड्राइव्ह लावण्याआधी प्रोसेसर ६४ बिटचा आहे का ते बघावं, आणि मशीन उघडलंच आहे तर ती बॅटरीही बदलून घ्यावी.